खेळातील वेळकाढूपणा : दोष खेळाडूचा की नियमाचा?

परीक्षा संपून शाळांना सुट्टी लागली की देवळाली प्रवरा असो, राहुरी फॅक्टरी असो की श्रीरामपूर, भर दुपारी सावलीच्या ओट्यावर चार-पाच मुले मोबाईलभोवती डोकी जुळवून बसलेली दिसतात. खेळ बहुतेक वेळा मारामारीचा असतो. पडद्यावर दोन योद्धे एकमेकांना ठोसे-लाथा मारत असतात आणि थोड्या वेळाने पडद्याबाहेरही भांडण जुंपते. भांडणाचे कारण ठरलेले. एकाने सुरुवातीलाच दोन ठोसे मारून आघाडी घेतली आणि पुढे तो लढलाच नाही. उड्या मारत मागे सरकत राहिला. वेळ संपली आणि यंत्राने त्यालाच विजयी ठरवले. हरलेला म्हणतो, ‘‘हे काय खेळणं झालं? हा तर नुसता पळत होता!’’ जिंकलेला म्हणतो, ‘‘जिंकलो का नाही? मग झालं!’’ आतून आईचा आवाज येतो, ‘‘ठेवा रे तो मोबाईल बाजूला!’’ आणि प्रश्न तिथल्या तिथे मिटवला जातो.

वाचक बंधू-भगिनींनो, मोबाईल बाजूला ठेवला म्हणजे हा प्रश्न मिटत नाही. तो फार जुना आहे. कुस्तीच्या आखाड्यात, कबड्डीच्या मैदानात, साता समुद्रापलीकडच्या ऑलिम्पिकमध्ये हाच प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. आघाडी घेतल्यावर लढायचे टाळून घड्याळाच्या आधाराने जिंकणे हा डाव म्हणायचा की लबाडी? आणि लबाडी म्हणायची, तर दोष त्या खेळाडूला द्यायचा की त्याला तशी मुभा देणाऱ्या नियमाला? या प्रश्नाचा आज थोडा मुळापासून विचार करू.

पडद्यावरच्या लढाईचे गणित

ज्या पालकांनी हे खेळ कधी हातात धरले नाहीत, त्यांच्यासाठी आधी त्यांची रचना सांगतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर टू’ हा खेळ काढला. त्यानंतर १९९४ साली नामको कंपनीचा ‘टेकन’ आला. शहरांत नाणे टाकून चालणाऱ्या व्हिडिओ गेमच्या दुकानांतून हे खेळ एका पिढीने पाहिले. आज त्यांच्याच पुढच्या आवृत्त्या आणि त्यांच्यासारखे इतर खेळ मुलांच्या हातात आहेत.

या खेळांत प्रत्येक योद्ध्याच्या नावाने पडद्यावर एक पट्टी असते. ती त्याची प्राणशक्ती. मार बसला की पट्टी कमी होते, पूर्ण संपली की योद्धा पडतो. दोन पट्ट्यांच्या मधोमध घड्याळ असते. पुष्कळ खेळांत ते ९९ वरून शून्याकडे उलटे चालते. शून्य झाले आणि दोघेही उभे असले, तर ज्याची पट्टी जास्त शिल्लक तो जिंकतो.

वेळकाढूपणाचे मूळ याच शेवटच्या वाक्यात आहे. समजा, पहिल्या काही क्षणांत मी तुम्हाला एक ठोसा मारला. माझी पट्टी भरलेली, तुमची किंचित कमी. आता मला तुम्हाला पाडण्याची गरजच उरली नाही. उरलेला वेळ मी दूर राहिलो, तरी यंत्र मलाच विजयी ठरवणार. जवळ येऊन लढलो तर मलाही मार बसण्याचा धोका. मग हिशेबी माणूस काय करील? दूरच राहील. मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. जमा आणि नावे या दोन बाजू मांडल्या, तर त्या मुलाचे पळणे कागदावर अगदी बरोबर येते. जिथे न लढण्यात फायदा आणि लढण्यात तोटा अशी मांडणी नियमानेच केली आहे, तिथे न लढणारे निपजणारच.

खेळ बनवणाऱ्यांनाही हे उमगले. काहींनी असे केले, की हात आडवे धरून नुसता मार अडवत बसले तरी थोडी थोडी शक्ती झिजावी. काहींनी अडवणाऱ्याला उचलून फेकण्याचे डाव दिले. ‘गिल्टी गिअर’ नावाच्या जपानी मालिकेत जो योद्धा सतत मागेमागेच पळतो त्याला आधी इशारा मिळतो आणि तरीही तो सुधारला नाही तर मोठ्या डावांसाठी साठवलेली त्याची ताकद काढून घेतली जाते. २०२३ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये मार अडवत राहणाऱ्याची एक वेगळी शक्ती आटत जाते आणि ती संपली की तो दुबळा पडतो. ‘पळू नकोस’ असा उपदेश यापैकी कुणीही खेळाडूला केला नाही. पळणे महाग पडेल अशी व्यवस्था मात्र सगळ्यांनी केली.

तांबड्या मातीतला तोच प्रश्न

आता पडद्यावरून आपल्या मातीत येऊ. आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात गावची यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. रेवड्यांवरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. हलगी कडाडते, दोन पैलवान हाताला हात लावतात, आणि मग कधी कधी कुस्ती खडाखडीतच अडकते. मानेवर हात टाकायचा, ढकलायचे, मागे सरायचे. पण पट काढायला कुणी पुढे होत नाही. खाली गेलेला पैलवान पोट मातीला चिकटवून पडून राहतो. लोक ओरडू लागतात, ‘‘कुस्ती करा, कुस्ती!’’ शेवटी पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. आपल्या जुन्या रिवाजात खरी कुस्ती ती, जी निकाली होते. ज्यात एकाची पाठ मातीला लागते. अशा रिवाजात हरायचे नसेल, तर नुसते चित न होणे पुरते.

या युक्तीचा सर्वांत गाजलेला दाखला लंडनचा आहे. आपल्याकडे घरोघर ज्याचे नाव आजही घेतले जाते त्या गामा पैलवानाची १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी कुस्ती झाली. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतले. झिबिस्को अंगाने अवाढव्य. तो गादीला चिकटला तो चिकटलाच. सुमारे अडीच तास ही कुस्ती चालली आणि त्यातला बहुतेक वेळ तो तसाच पडून होता. कुस्ती बरोबरीत सुटली. १७ सप्टेंबरला पुन्हा लढायचे ठरले, पण त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळात दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला. अडीच तासांचे पडून राहणे ही झिबिस्कोची ताकद नव्हती, नियमातली फट होती, हे तेव्हा साऱ्यांना दिसले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१२ साली, स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये तर कहरच झाला. एस्टोनियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा असिकाइनेन यांची उपांत्य फेरीची कुस्ती ११ तास ४० मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण इतका थकला की अंतिम कुस्तीला उभाच राहू शकला नाही. त्याच ऑलिम्पिकमध्ये दुसऱ्या एका वजनगटाची अंतिम कुस्ती नऊ तास होऊनही निकाल लागला नाही. पंचांनी दोघांनाही रौप्यपदक दिले, सुवर्ण कुणालाच दिले नाही. ते पैलवान लबाड होते असे कुणी म्हणणार नाही; त्यांचे कष्ट तर पाहा! पण ज्या नियमात वेळेला अंत नाही आणि न लढण्याला दंड नाही, तिथे जिंकणारासुद्धा हरतो, हे क्लाइनने दाखवून दिले.

आज काय नियम आहे? आंतरराष्ट्रीय कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. फ्रीस्टाइल प्रकारात जो पैलवान लढत नाही त्याला पंच आधी ताकीद देतात. तरीही सुधारला नाही तर त्याला निष्क्रिय ठरवून ३० सेकंदांची मुदत देतात. तेवढ्या वेळात कुणीच गुण घेतला नाही, तर समोरच्याला एक गुण मिळतो. म्हणजे उभे राहणेसुद्धा आता फुकट राहिलेले नाही.

खेळच हातचा जात होता

हा नियम सहज आलेला नाही. २००५ नंतर काही वर्षे कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची होती. फेरीत कुणालाच गुण मिळाला नाही तर चक्क रंगीत चेंडू काढून चिठ्ठी टाकल्यासारखा निर्णय होई. ज्याच्या रंगाचा चेंडू निघे, त्याला समोरच्याचा पाय हातात धरून सुरुवात करायला मिळे. साहजिकच दोन मिनिटे जोखीम न घेता काढायची आणि नशिबावर हवाला ठेवायचा, हा सोपा मार्ग होऊन बसला. पाहणाऱ्याला निकाल कळेना, लढणाऱ्याला लढावेसे वाटेना.

फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिम्पिकच्या मुख्य खेळांतून कुस्तीला वगळण्याची शिफारस केली. ज्या खेळात १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, तोच खेळ ऑलिम्पिकबाहेर जायची वेळ आली. मग जागतिक संघटनेचे धाबे दणाणले. अध्यक्ष बदलले, त्याच वर्षी नियम बदलले, चेंडू काढणे बंद झाले, लढणाऱ्याला जास्त गुण आणि न लढणाऱ्याला दंड आला. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्युनोस आयर्सला मतदान होऊन कुस्ती परत आली. वगळण्यामागे इतरही कारणे होती, पण खेळ कंटाळवाणा आणि न समजणारा झाला आहे ही मोठी तक्रार होती. वेळकाढूपणाने एका सामन्याचे नुकसान होते तसे साऱ्या खेळाचेही होते, ते असे.

कबड्डीतील तिसरी चढाई

आपल्या हुतूतूत, म्हणजे आजच्या कबड्डीत, जुन्या जाणत्या मंडळींनी हा धोका आधीच ओळखला होता. म्हणून तर निदान रेषा आहे. चढाई करणाऱ्याने समोरच्या अंगणात निदान ती रेषा तरी ओलांडली पाहिजे. मध्यरेषेजवळ पाय नाचवून परत आला तर तो बाद. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. ‘आलास तर खरा ये’ असे ती रेषा चढाईपटूला सांगते.

तरीही पळवाट उरली होती. रेषा ओलांडायची, कुणाच्या जवळ जायचे नाही आणि परत यायचे. ना गुण मिळाला, ना गेला. ही रिकामी चढाई. आता हिशेब करा. सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २४०० सेकंदांचा. एक चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. सगळ्यांनी पूर्ण वेळ घेतला तर ८० चढाया. समजा शेवटची तीन मिनिटे उरली आहेत आणि एक संघ पाच गुणांनी पुढे आहे. उरल्या सहा चढाया, त्यातल्या तीन पुढे असलेल्या संघाच्या. त्या तीनही रिकाम्या काढल्या तर दीड मिनिट तसेच गेले. मागे पडलेल्या संघाच्या हाती तीनच चढाया राहिल्या.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा यावर उपाय म्हणून ‘करा किंवा मरा’ चढाई आली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे. नाही मिळवला तर चढाईपटू बाद आणि समोरच्या संघाला गुण. एका नियमाने खेळाचे रूप पालटले. तिसऱ्या चढाईला प्रेक्षक उठून उभे राहू लागले.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नियम आला म्हणून युक्ती संपली नाही. संघ आता पहिल्या दोन चढाया मुद्दाम रिकाम्या काढतात आणि तिसरीसाठी खास खेळाडू राखून ठेवतात. बचाव करणारेही तिसऱ्या चढाईची वाट पाहत सापळा लावून बसतात. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला लीगच्या दहाव्या हंगामाचा अंतिम सामना झाला. आपल्या जिल्ह्याच्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद मिळवले. इतक्या कमी गुणांचा सामना संयमाने जिंकावा लागतो. अशा वेळी थांबणे म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. तिसऱ्या चढाईला जोखीम घ्यावी लागणार हे दोन्ही संघांना माहीत असते, आणि जोखमीची ती घटका टळत नाही, तोवर थांबणे हाही खेळाचाच भाग आहे.

पळणे वेगळे, टाळणे वेगळे

मग बचाव कुठे संपतो आणि वेळकाढूपणा कुठे सुरू होतो? याचे उत्तर आपल्या खो-खोत सापडते. खो-खोतला धावपटू अख्खा वेळ पळतच असतो. खांबाला वळसा घालतो, हुलकावणी देतो, पाठलाग करणाऱ्याला चकवतो. त्याला कुणी भित्रा म्हणत नाही. जितका वेळ टिकेल तितक्या टाळ्या! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्हींचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते; महिलांचे प्रियांका इंगळेकडे आणि पुरुषांचे प्रतीक वाईकरकडे. त्या स्पर्धेत ठरावीक वेळाच्या पुढे टिकून राहणाऱ्या तुकडीला पळण्याबद्दल वेगळे गुणही मिळत होते. कारण उघड आहे. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला पकडण्याची पूर्ण संधी असते, आठ सोबती ओळीत बसलेले असतात आणि पळणाऱ्याला मैदानाबाहेर जाता येत नाही.

म्हणजे कसोटी ही, की समोरच्याला गाठण्याची खरी संधी आहे की नाही. संधी असताना चकवणे हे कौशल्य. संधीच राहू नये अशी स्थिती करून घड्याळ पळू देणे हा वेळकाढूपणा.

पडद्यावरच्या खेळांतही जाणत्या खेळाडूंनी हीच कसोटी लावली. निन्टेंडो कंपनीचा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल’ हा खेळ २००८ साली आला. त्यात योद्ध्याला मैदानाच्या कडेला लटकता येते आणि लटकताना क्षणभर मार लागत नाही. काही जण आघाडी घेतली की पुन्हा पुन्हा कडेला लटकून वेळ संपवू लागले. समोरच्याने करावे तरी काय? मग स्पर्धा भरवणाऱ्या खेळाडूंनीच नियम केला, की वेळ संपून निकाल लागला आणि एखाद्याने ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त वेळा कड धरली असेल, तर तो हरला. २०१४ साली आलेल्या पुढच्या आवृत्तीत कंपनीने खेळातच बदल केला. जमिनीवर पाय न टेकता पुन्हा कड धरली, तर ते संरक्षण मिळेनासे झाले. खेळाडूंनी नुसत्या शिव्या दिल्या नाहीत. एकत्र बसून नियम लिहिला.

चोवीस सेकंद कुठून आले?

नियम करताना साधे गणित किती उपयोगी पडते, याचे एक उदाहरण अमेरिकेच्या बास्केटबॉलचे आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन आणि मिनियापोलिस या दोन संघांचा सामना झाला. मिनियापोलिसकडे जॉर्ज मायकन नावाचा उंच आणि बलाढ्य खेळाडू होता. त्याच्या हाती चेंडू लागू नये म्हणून फोर्ट वेनचे खेळाडू चेंडू आपल्याकडेच धरून बसले. अंतिम गुण काय? १९-१८. एवढा मोठा सामना, आणि दोन्ही संघ मिळून ३७ गुण! प्रेक्षक चिडले.

यावर डॅनी बियासोन नावाच्या एका संघमालकाने वही-पेन्सिल घेतली. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा चेंडू टाकतात. २८८० भागिले १२० बरोबर २४. म्हणून १९५४ साली नियम आला, की चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत तो टोपलीकडे टाकलाच पाहिजे. एका हंगामात संघाची सामन्यामागची सरासरी ७९ च्या आसपासून ९३ च्या पुढे गेली. खेळाडू तेच होते, चेंडू तोच होता. बदलला फक्त नियम.

एकच नियम, पण सर्वांना ठाऊक असलेला

नियम चांगला असून भागत नाही. तो एकच असावा लागतो आणि सामन्याआधी दोन्ही बाजूंना ठाऊक असावा लागतो. चीनमधील हांगझोऊ शहरात २०२३ साली आशियाई खेळ झाले. योगायोग असा, की याच खेळांत व्हिडिओ गेमना पहिल्यांदा पदकांचा दर्जा मिळाला. त्यात ‘स्ट्रीट फायटर फाइव्ह’ हा मारामारीचा खेळही होता. भारत सरकारने त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, ई-क्रीडा बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणली होती. ज्याला आपण ‘टाइमपास’ म्हणतो, त्यात कुणाच्या तरी लेकराला देशाचा पोशाख घालून खेळता आले, हेही लक्षात घेतले पाहिजे.

त्याच स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुष कबड्डीची भारत-इराण अंतिम लढत झाली. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता, गुण २८-२८. भारताचा कर्णधार पवन सेहरावत ‘करा किंवा मरा’ चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न करता बाजूच्या पट्ट्यात गेला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही त्या पट्ट्यात शिरले. आता बाद कोण? जुन्या नियमाने उत्तर एक, नव्या नियमाने दुसरे. निर्णय एकदा असा, एकदा तसा झाला. दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर खोळंबला. शेवटी भारताने ३३-२९ असे सुवर्ण जिंकले. पण नियम स्पष्ट नसेल तर सुवर्णपदकाच्या लढतीचाही कसा खोळंबा होतो, हे जगाने पाहिले.

आपल्याच जिल्ह्यात, फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा शेवट पंचांच्या निर्णयावरील वादाने झाला. पंचावर हात उचलण्यापर्यंत मजल गेली आणि त्यातून नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात टाकणे कधीही समर्थनीय नाही. पण एका गुणावर पैलवानाची वर्षानुवर्षांची मेहनत टांगलेली असते, हेही विसरता येत नाही.

आपल्या लेकरांचा यात काय संबंध?

कुणी म्हणेल, हे मोठ्या स्पर्धांचे झाले. आपल्याला काय त्याचे? आपल्याला फार आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. ऊसतोडीला जाणाऱ्या, हमाली करणाऱ्या, साखर कारखान्यात रोजंदारीवर राबणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठी जिल्हा किंवा राज्य पातळीचे एक प्रमाणपत्र म्हणजे उद्याच्या भाकरीची सोय असू शकते. ते प्रमाणपत्र एका रिकाम्या चढाईने किंवा निष्क्रियतेच्या एका गुणाने जाते किंवा येते. ज्या मुलाला नियम ठाऊक आहे, तो योग्य वेळी हात वर करून पंचाकडे दाद मागतो. ज्याला ठाऊक नाही, तो चिडतो, शिवी देतो आणि उलट स्वतःच बाद होतो. गरिबाच्या मुलाला रागाची चैन परवडत नाही. त्याच्या हाती नियमाचे पुस्तक हवे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

गावात कबड्डीचे सामने किंवा कुस्त्यांचा हगामा भरवणाऱ्या तरुणांनी सामन्याआधी नियम कागदावर लिहून फलकावर लावावेत. तिसऱ्या चढाईचा नियम आहे की नाही, चढाईला वेळ किती, कुस्ती किती मिनिटांत निकाली न झाल्यास गुणांवर सोडवणार का, हे आधी ठरवावे. घड्याळ दोन्ही बाजूंना दिसेल असे ठेवावे. ज्या पंचाच्या घरचा मुलगा खेळत असेल, त्याने त्या सामन्याला शिट्टी हाती घेऊ नये.

खेळणाऱ्या मुलामुलींनी समोरचा वेळ काढतो म्हणून रडत बसू नये. वेळ काढणाऱ्याची एक दुखरी बाजू असते. त्याने आघाडी घेतलेली असते, पण पुढाकार सोडलेला असतो. पहिल्या मिनिटातच मागे पडू नये, हा त्यावरचा पहिला उपाय. आणि मागे पडलोच, तर घाईने अंगावर धावून न जाता त्याला कोपऱ्यात आणणे हा दुसरा. पडद्यावरच्या योद्ध्याला मैदानाची कड असते, कुस्तीच्या गादीला रेघ असते, कबड्डीच्या अंगणालाही सीमा असते. पळणाऱ्याची जागा कमी कमी करत नेली की त्याला वळावेच लागते.

आणि पालकांनी, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्यांनी, मुले ‘हा पळतो, हा खेळत नाही’ म्हणून भांडत आली तर नुसता मोबाईल हिसकावून घेऊ नये. दोन मिनिटे शेजारी बसून विचारावे, ‘‘पळता येतं असं तुमचा नियम म्हणतो का? मग तुम्ही पाचजण मिळून नवा नियम करा. सगळ्यांना मान्य असेल तर कागदावर लिहा, आणि मग तो पाळा.’’ आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही हे जमते. लगोरी, गोट्या खेळताना त्यांनी असे कितीतरी नियम आपसात केलेले असतात. मोबाईल किती वेळ द्यायचा हा वेगळा प्रश्न आहे आणि तो प्रत्येक घराने आपापला सोडवावा. पण न्यायाची ही गोष्ट मुलांनी खेळातच शिकली तर पुढे आयुष्यभर उपयोगी पडते.

कारण वेळकाढूपणा फक्त मैदानात नसतो. ‘उद्या या’, ‘साहेब रजेवर आहेत’, ‘एक कागद कमी आहे’ हे शब्द ज्याने ऐकले नाहीत असा कष्टकरी माणूस विरळा. ज्याच्या हाती आघाडी असते, त्याला घड्याळ नेहमीच आपले वाटते आणि ज्याचे काम अडलेले असते, त्याचा दिवस बुडतो. तिथेही शिव्या देऊन काम होत नाही. मुदत ठरवून घेतल्याने होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क त्याने नागरिकाला दिला आणि मुदत चुकवली तर अपील करण्याची व संबंधितांना दंड होण्याची तरतूद केली. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला मागताना त्या सेवेची मुदत किती दिवसांची आहे हे विचारून घ्यावे आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. कबड्डीच्या तिसऱ्या चढाईमागे जो विचार आहे, तोच या मुदतीमागे आहे.

गामासमोर अडीच तास पडून राहणारा झिबिस्को, चेंडू धरून बसलेला फोर्ट वेनचा संघ, कडेला लटकणारा पडद्यावरचा योद्धा, या साऱ्यांनी आपापल्या काळच्या नियमाने जेवढे चालत होते तेवढेच केले. त्यांना नावे ठेवून कुणाचे भले झाले नाही. ज्यांनी वही-पेन्सिल घेतली, हिशेब मांडला आणि ‘इथून पुढे असे चालणार नाही’ हे सर्वांच्या संमतीने लिहून काढले, त्यांनी खेळ वाचवला. आपली मुले पुढच्या सामन्याला उतरतील तेव्हा त्यांच्या पायात ताकद असावी, हे तर हवेच. पण मैदानाचा नियम काय आहे आणि तो चुकीचा असेल तर कसा बदलून घ्यायचा, हेही त्यांना ठाऊक असावे.